पाणीपुरवठा सुधारताना कामांचा क्रम कसा लावावा

सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे आधुनिकीकरण करायचे ठरले की पहिल्या बैठकीत बहुधा दोनच गोष्टींची मागणी होते: नवे जलशुद्धीकरण केंद्र आणि ग्राहकांसाठी मोबाईल ॲप. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, दोन्हींचे उद्घाटन करता येते आणि दोन्हींसाठी निविदा काढणे तुलनेने सोपे असते. मात्र या कामात काही वर्षे घालवलेल्या माणसाला ठाऊक असते, की केंद्रातून बाहेर पडणारे पाणी बऱ्याच ठिकाणी पिण्याजोगेच असते. ते बिघडते वाटेत, आणि त्यातले बरेचसे हरवतेही वाटेतच. गळणारी वाहिनी, दिवसातून काही तासच टिकणारा दाब आणि कोणालाच पूर्ण माहीत नसलेले वितरणाचे जाळे ही तिन्ही दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून त्यांवरचे उपायही ठराविक क्रमाने करावे लागतात. तो क्रम चुकला तर नव्या केंद्राचे जादा पाणी जुन्या भोकांतून जमिनीत मुरते आणि ॲपवर तक्रारी तेवढ्या अधिक वेगाने येऊ लागतात.

ही मांडणी यंत्रणा चालवणारे अभियंते आणि अधिकारी, तसेच तिच्यावर देखरेख ठेवणारे लोकप्रतिनिधी यांच्यासाठी आहे.

जमिनीखाली काय आहे ते आधी कागदावर आणावे

बहुतेक यंत्रणांकडे वाहिन्यांचा नकाशा असतो, पण तो ज्या वर्षी तयार झाला त्याच वर्षाचा असतो. त्यानंतर टाकलेल्या वाहिन्या, बंद केलेले फाटे, रस्ता रुंद होताना गाडले गेलेले व्हॉल्व्ह आणि तात्पुरती म्हणून जोडून कायमची झालेली जोडणी यांची माहिती कार्यालयात नसते. ती व्हॉल्व्हमन आणि फिटर यांच्या डोक्यात असते. म्हणून पहिला खर्च संगणक प्रणालीवर न करता या माणसांच्या वेळेवर करावा. प्रत्येक भागाच्या व्हॉल्व्हमनसोबत एक कनिष्ठ अभियंता आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपणारा एक मोबाईल इतक्या सामग्रीवर काम सुरू होते. प्रत्येक व्हॉल्व्हचे ठिकाण, व्यास, तो कोणत्या दिशेने उघडतो, किती फेऱ्यांत पूर्ण उघडतो आणि आज तो कोणत्या स्थितीत आहे, एवढ्या पाच गोष्टी नोंदवल्या तरी पुरे. वाहिनीचे साहित्य आणि ती टाकल्याचे वर्ष जिथे खात्रीने कळेल तिथे लिहावे आणि जिथे कळणार नाही तिथे रकाना रिकामा ठेवावा, कारण अंदाजाने भरलेला रकाना पुढे सगळ्यांना खरा वाटू लागतो.

हे काम किरकोळ वाटते, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका वस्तीत कितीतरी महिने पाणी कमी दाबाने येत होते. वाहिनी लहान पडते असा निष्कर्ष निघाला होता आणि मोठ्या व्यासाच्या समांतर वाहिनीचे अंदाजपत्रकही तयार होते. सर्वेक्षणात निवृत्तीला आलेल्या एका व्हॉल्व्हमनने एका वळणावर पाय आपटून सांगितले, की इथे पूर्वी झाकण होते. पहारीने उकरल्यावर डांबराच्या दोन थरांखाली ते सापडले. त्याने चावी लावली आणि मोठ्याने मोजत फिरवायला सुरुवात केली. उघडा समजला जाणारा तो व्हॉल्व्ह आणखी अकरा फेरे फिरला. गंजलेल्या आट्यांचा किरकिर आवाज थांबला आणि वाहिनीतून पाण्याची सळसळ ऐकू येऊ लागली. कधीतरी दुरुस्तीसाठी तो बंद केला गेला होता आणि नंतर अर्धवटच उघडला होता. अंदाजपत्रक फाईलीतच राहिले.

आत किती येते आणि हिशेबात किती लागते

जाळ्याची ओळख पटू लागली की पाण्याचा ताळेबंद मांडावा. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली यासाठी एक प्रमाणित तक्ता प्रसिद्ध केला आणि तोच आज जगभर वापरला जातो. त्याचा गाभा सोपा आहे: जाळ्यात सोडलेल्या पाण्यातून अधिकृत वापर वजा केला की उरते ते वाया गेलेले पाणी. वाया गेलेल्या पाण्याचे पुढे दोन भाग पडतात. एक भाग प्रत्यक्ष गळतीचा. दुसरा भाग लोकांपर्यंत पोहोचूनही हिशेबात न आलेल्या पाण्याचा, म्हणजे कमी दाखवणारे मीटर, अनधिकृत जोडण्या आणि वाचन किंवा बिलाच्या चुका यांचा. हे दोन भाग वेगळे करणे अत्यावश्यक आहे, कारण पहिल्याचा इलाज फावड्याने होतो आणि दुसऱ्याचा कचेरीत. दोन्ही एकत्र करून ‘गळती इतके टक्के’ असे अहवालात लिहिणाऱ्या यंत्रणेला पैसा नेमका कुठे लावायचा ते कधीच ठरवता येत नाही.

ताळेबंदाचा सारा भार एका मापावर असतो: जाळ्यात सोडलेले पाणी. मुख्य वाहिनीवरचा मोठा मीटर चुकत असेल तर पुढची सगळी गणिते चुकतात, आणि हे मीटर बसवल्यानंतर वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही. तपासण्याची एक साधी रीत आहे. टाकीत येणारे पाणी बंद करावे, जाणारे चालू ठेवावे आणि पातळी किती उतरली ते मोजपट्टीने पाहावे. बारा मीटर व्यासाच्या गोल टाकीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर भरते, म्हणजे पातळी १० सेंटीमीटर उतरली तर ११.३ घनमीटर पाणी बाहेर गेले. त्याच वेळात बाहेर जाणाऱ्या वाहिनीवरच्या मीटरने किती दाखवले ते शेजारी लिहावे. फरक मोठा असेल तर आधी तो मीटर दुरुस्त करावा आणि मगच ताळेबंदाला हात घालावा.

गळती रात्री मोजावी

संपूर्ण जाळ्याची गळती एकदम शोधता येत नाही. त्यासाठी जाळ्याचे लहान मापन-विभाग पाडावे लागतात. काही शे ते दोन-तीन हजार जोडण्यांचा एक विभाग, शक्य तो एकाच वाहिनीतून पाणी घेणारा, सीमेवरचे सर्व व्हॉल्व्ह घट्ट बंद आणि प्रवेशावर एक मीटर. सीमा खरोखर बंद आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रवेशाचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करून विभागातला दाब शून्यावर येतो का ते तपासावे. तो शून्यावर येत नसेल तर कुठूनतरी पाणी आत येते आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

मग पहाटे दोन ते चार या वेळेतला प्रवाह पाहावा. या वेळी लोक झोपलेले असतात, म्हणून वाहणारे बहुतेक पाणी गळतीचे असते. समजा १,००० जोडण्यांच्या विभागात पहाटे तीन वाजता तासाला १४ घनमीटर पाणी आत जात आहे. रात्रीचा खरा वापर दर जोडणीमागे तासाला दोन लिटर धरला तर तो दोन घनमीटर होतो आणि उरलेले बारा घनमीटर गळतीचे ठरतात. दिवसाची गळती काढताना या बाराला २४ ने गुणण्याचा मोह होतो, तो टाळावा. रात्री वापर कमी असल्याने दाब जास्त असतो आणि गळतीही जास्त असते. दिवसा ती थोडी उतरते. २० ने गुणले तरी उत्तर २४० घनमीटर, म्हणजे रोजचे दोन लाख चाळीस हजार लिटर येते. ज्या वस्तीत घरोघरी टाक्या आहेत तिथे आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. त्या टाक्या मध्यरात्रीनंतरही भरत असतात, त्यामुळे काही घरांचे मीटर त्याच रात्री वाचून टाकी-भरतीचा वाटा वेगळा काढावा, नाहीतर लोकांचा वापर गळती म्हणून मोजला जातो.

ही गळती एखाद्या मोठ्या फुटीतून येत असेल असे वाटणे साहजिक आहे. फुटलेली मुख्य वाहिनी रस्त्यावर पाणी आणते, लोक फोन करतात आणि ती काही तासांत दुरुस्त होते. वर्षभराचा तोटा करतात ती न दिसणारी छिद्रे, विशेषतः मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतच्या लहान जोडणीतली. ३० मीटर दाबाखाली (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाखाली) पाच मिलिमीटरच्या एका छिद्रातून दिवसाला सुमारे २५,००० लिटर पाणी जाते, आणि ते शेजारच्या गटारात उतरत असेल तर कोणाला दिसतही नाही. ती शोधण्यासाठी ध्वनीवर चालणारी महाग उपकरणे मिळतात आणि ती उपयोगीही आहेत, पण एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायची साधी लोखंडी दांडी आजही तितकीच कामाची आहे. कान तयार व्हायला काही महिने लागतात, म्हणून या कामावर नेमलेला माणूस दर वर्षी बदलू नये.

दुरुस्तीसोबत दाबाचे नियंत्रण करावे. जाळ्यातली गळती दाबाच्या जवळपास प्रमाणात बदलते, म्हणजे सरासरी दाब दहा टक्क्यांनी कमी केला तर गळतीही साधारण तितकीच कमी होते. प्लास्टिकच्या वाहिनीतली उभी चीर दाबाबरोबर उघडत जाते, त्यामुळे तिथे फायदा आणखी मोठा असतो. सखल भागात रात्री गरजेपेक्षा दुप्पट दाब असणे ही सामान्य गोष्ट आहे. अशा ठिकाणी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला तर नव्या फुटींची संख्याही घटते. माझ्या मते गुंतवलेल्या पैशाच्या तुलनेत इतके फळ देणारे दुसरे काम या क्षेत्रात नाही, आणि तरीही ते शेवटी आठवते.

वाहिनी कधीही रिकामी राहू नये

आता पाण्याच्या गुणवत्तेकडे येऊ, कारण ती इथेच सुरू होते. वाहिनीत दाब असतो तोवर छिद्रातून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतले पाणी उताराकडे ओसरते, आत पोकळी तयार होते आणि त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर काय आत येते हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू होताना पहिल्या काही मिनिटांत येणारे गढूळ पाणी म्हणजे याच घाणीचा आणि आतून सुटलेल्या गंजाचा लोंढा असतो. केंद्रात कितीही उत्तम पाणी तयार केले तरी दिवसातून काही तास चालणारा पुरवठा ते सुरक्षित ठेवू शकत नाही.

अखंड पुरवठ्याला होणारा नेहमीचा आक्षेप असा, की तेवढे पाणीच नाही. हा आक्षेप तपासून पाहावा. ठराविक वेळी पाणी देणाऱ्या यंत्रणेत लोक साठवण करतात, नळ उघडे ठेवतात आणि ताजे पाणी आले की कालचे ओतून देतात. नळाला केव्हाही पाणी येते याची खात्री पटली आणि मीटरप्रमाणे बिल आले की ही सवय हळूहळू सुटते. खरी अडचण गळतीची असते: चार तासांत जेवढे पाणी गळत होते त्याच्या सहापट चोवीस तासांत गळेल. म्हणून एकच विभाग निवडावा, त्याची गळती वर सांगितल्याप्रमाणे आटोक्यात आणावी, सर्व जोडण्यांना मीटर बसवावेत आणि मगच तिथला पुरवठा अखंड करावा. त्या विभागात वाचलेले पाणी पुढच्या विभागाला पुरते. सगळीकडे एकाच दिवशी चोवीस तास पाणी सोडण्याची घोषणा केलेली यंत्रणा काही आठवड्यांत जुन्या वेळापत्रकावर परतते आणि लोकांचा विश्वास जातो तो वेगळाच.

हे होऊ शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण कंबोडियाच्या राजधानीचे, नॉम पेन्हचे आहे. १९९३ मध्ये एक सोन चान (‘एक’ हे त्यांचे आडनाव) यांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे घेतली तेव्हा दीर्घ यादवीने जाळ्याची दुर्दशा झाली होती आणि सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होते. त्यांनी घरोघरी जाऊन ग्राहकांची यादी नव्याने केली, सर्व जोडण्यांना मीटर लावले, जुन्या वाहिन्या बदलल्या, पाणीचोरीत सामील असलेल्या कर्मचाऱ्यांवर कारवाई केली आणि बड्या थकबाकीदारांनाही सोडले नाही. पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत तोटा दहा टक्क्यांच्या खाली आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. त्यांना २००६ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर संस्थेला २०१० मध्ये स्टॉकहोमचा औद्योगिक जल पुरस्कार. बाहेरून आलेला निधीही मोठा होता, हे मान्य करायला हवे. पण निधी इतरांनाही मिळाला होता. फरक पडला तो ग्राहकांच्या यादीने आणि कामाच्या क्रमाने.

शुद्धीकरण केंद्रात काय बदलावे

केंद्राची क्षमता वाढवण्याआधी असलेल्या केंद्रातून पूर्ण काम काढून घ्यावे. बहुतेक वेळा दोष तुरटीच्या मात्रेत असतो. पावसाळ्यात गढूळपणा काही तासांत बदलतो, पण मात्रा मात्र कालचीच चालू राहते. यासाठी पात्र-चाचणी पाण्याची प्रकृती बदलेल तेव्हा तेव्हा करावी. एकेक लिटरची सहा पात्रे घ्यावीत, प्रत्येकात वेगळी मात्रा टाकावी, मिनिटाला साधारण १०० फेरे या वेगाने एक मिनिट जोरात ढवळावे, मग मिनिटाला ३० फेऱ्यांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळावे आणि अर्धा तास निवळू द्यावे. सर्वांत कमी मात्रेत निवळशंख झालेले पात्र उजेडात धरले की डोळ्यांनाही कळते. तरी गढूळपणा मोजूनच निर्णय घ्यावा. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, खाते, एक मिलिग्रॅममागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणून क्षारता कमी असलेल्या पाण्यात चुन्याची जोड द्यावी लागते.

वाळूच्या गाळण्यांवर वेळ द्यावा. प्रत्येक गाळणीतून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा स्वतंत्रपणे आणि सतत मोजावा. सर्व गाळण्यांच्या एकत्र पाण्याची सरासरी एका बिघडलेल्या गाळणीला लपवते. गाळणीची उलट धुलाई केल्यावर, म्हणजे खालून वर पाणी सोडून ती धुतल्यावर, येणारे पहिले पाणी पुढे न सोडता वाया घालवावे. या दक्षतेचे कारण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९९३ मध्ये दाखवले. तिथल्या एका केंद्राच्या गाळण्यांतून गढूळपणा वाढलेले पाणी पुढे गेले आणि त्यासोबत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी. सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. या परजीवीवर नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा परिणाम होत नाही. त्याला अडवते ती चांगली गाळणी किंवा अतिनील किरणांची प्रक्रिया.

क्लोरीनबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे निकष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. निर्जंतुकीकरणाआधी गढूळपणा शक्य तो एक एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) खाली असावा, सामू (पीएच) आठपेक्षा कमी असावा, किमान तीस मिनिटे संपर्क मिळावा आणि त्यानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. पाणी ग्राहकाच्या नळाला पोहोचते तेव्हा ते ०.२ पेक्षा कमी नसावे. तीस मिनिटांचा हिशेब टाकीच्या आकारावरून करू नये. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा नळ शेजारी असलेल्या टाकीत पाणी सरळ वाटेने निघून जाते आणि कोपऱ्यातले तसेच पडून राहते. अशा टाकीत पाण्याला वळसे घ्यायला लावणाऱ्या आडव्या भिंती घालणे हे अगदी साधे बांधकाम आहे.

पाण्याचा स्रोत किंवा प्रक्रिया बदलताना वाहिन्यांवर काय परिणाम होईल हे आधी तपासावे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले गेले, पण त्यात गंजरोधक द्रव्य मिसळले नाही. जुन्या जोडण्यांतले शिसे पाण्यात उतरले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये जुन्या स्रोताकडे परतावे लागले. वाहिनीच्या आत वर्षानुवर्षे जमलेला थर पाण्याच्या एका विशिष्ट प्रकृतीशी जुळवून बसलेला असतो. नवे पाणी अधिक स्वच्छ असले तरी तो थर सुटू शकतो.

तपासणी अशी, की चूक वेळेत कळावी

जंतुपरीक्षणाचा निकाल साधारण एक दिवसाने येतो, तोवर ते पाणी लोकांनी प्यायलेले असते. म्हणून १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय (विष्ठेच्या दूषणाची खूण मानला जाणारा जीवाणू) आढळता कामा नये हा निकष पडताळणीसाठी ठेवावा आणि रोजचे नियंत्रण मात्र क्लोरीन, गढूळपणा व दाब यांच्या सतत मोजणीवर उभारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून पुरस्कारलेल्या ‘जलसुरक्षा योजना’ या पद्धतीचाही हाच आशय आहे: स्रोतापासून नळापर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकते ते लिहावे, ते बिघडल्याचे कोणत्या मापाने कळेल ते ठरवावे आणि तसे कळल्यावर कोणी काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवावे.

नमुने घेण्याच्या जागा सोयीने निवडल्या जातात, ही जुनी खोड आहे. केंद्राजवळचा आणि कार्यालयाजवळचा नळ नेहमी चांगलाच असतो. नमुना जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, उंच भागात आणि जिथून तक्रारी येतात तिथे घ्यावा, तोही घरातल्या टाकीच्या आधीच्या नळावर. बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतूंना मारते आणि निकाल खोटाच चांगला येतो. नमुना थंड ठेवून शक्य तर सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

नोंदवहीबद्दल थोडे कठोरपणे लिहावे लागेल. ज्या नोंदवहीत महिनाभर रोज ०.५ हाच आकडा असतो, ती नोंदवही मोजमापाची नाही. मोजलेले आकडे हलतात. कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर विहिरीत जनावरांच्या शेणातून ई. कोलायचा घातक प्रकार उतरला. तिथे क्लोरीनची मात्रा अपुरी होती आणि नोंदी वर्षानुवर्षे न मोजता भरल्या जात होत्या. सात माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. क्लोरीन सतत मोजणारे आणि मात्रा उतरताच पुरवठा थांबवणारे साधन तिथे असते तर हे बऱ्याच अंशी टळले असते, असे न्यायालयीन चौकशीतून दिसून आले. म्हणून पहिल्या स्वयंचलित यंत्रांची खरेदी इथे करावी.

वाहिनी दुरुस्त करतानाही पाणी दूषित होते, आणि हे क्वचितच लक्षात घेतले जाते. खड्ड्यातले पाणी वाहिनीच्या तळापेक्षा खाली उपसल्याशिवाय वाहिनी कापू नये, नवे तुकडे क्लोरीनच्या द्रावणाने पुसून घ्यावेत आणि जोड झाल्यावर जोरात पाणी सोडून धुलाई करावी. नव्या वाहिनीसाठी रूढ पद्धत अशी, की लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीनचे पाणी चोवीस तास भरून ठेवावे, शेवटी त्यात किमान १० मिलिग्रॅम उरले आहे का ते पाहावे, ते पाणी क्लोरीन निष्प्रभ करून सोडून द्यावे आणि नमुना निर्दोष आल्यावरच वाहिनी जोडावी.

मीटर, बिल आणि तक्रार

मीटरबाबत एकच गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. घरातली टाकी भरत आली की तरंगता गोळा नळ हळूहळू बंद करतो, प्रवाह इतका बारीक होतो की मीटरचे चक्र फिरतच नाही, आणि पाणी मात्र जात राहते. जुन्या मीटरांत हा तोटा वाढत जातो. म्हणून मीटर निवडताना किमती इतकेच लक्ष किमान प्रवाहाच्या मापाकडे द्यावे आणि मोठ्या ग्राहकांचे मीटर आधी बदलावेत, कारण थोड्या मीटरांतून बराच महसूल येतो. दूरवाचन करणाऱ्या स्मार्ट मीटरचा खरा लाभ मीटर वाचणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार वाचण्यात नाही. चोवीस तासांत एकदाही प्रवाह शून्यावर न आलेले घर तो दाखवतो, म्हणजे घरातली गळती ग्राहकाला बिल येण्याआधी कळवता येते.

ऑनलाइन सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकांची यादी स्वच्छ करावी. एकाच जोडणीला दोन क्रमांक, मृत व्यक्तीच्या नावाची जोडणी, जागेवर नसलेला मीटर आणि यादीत नसलेला ग्राहक हे सगळे संगणकावर नेले तर चुका फक्त वेगाने छापल्या जातात. प्रत्येक जोडणी नकाशावरच्या एका बिंदूशी आणि एका मापन-विभागाशी बांधावी. तेवढे झाले की पुढचे सोपे होते: विभागात गेलेले पाणी आणि विभागात बिल झालेले पाणी शेजारी ठेवता येते आणि व्हॉल्व्ह बंद करताना नेमक्या त्याच घरांना संदेश जातो.

तक्रार नोंदवताना ‘पाणी खराब’ असे लिहून सोडू नये. रंग कोणता, वास कसला, पुरवठा सुरू होताना की नेहमी, एकाच नळाला की सगळ्या घराला, एवढे चार प्रश्न विचारावेत. लालसर पाणी गंजाकडे बोट दाखवते, काळसर पाणी बरेचदा मँगनीजकडे, पांढुरके आणि भांड्यात खालून वर निवळणारे पाणी नुसत्या हवेकडे. गटाराचा वास असलेल्या तक्रारीवर मात्र त्याच तासाला माणूस जायला हवा आणि त्याने जाताना क्लोरीन मोजायचा संच सोबत न्यावा. नळाला क्लोरीन शून्य आणि शेजारच्या घरी पुरेसे असेल तर दोष जोडणीत आहे. गल्लीभर शून्य असेल तर वाहिनी उघडावी लागेल, आणि ती उघडेपर्यंत त्या गल्लीला पाणी उकळून पिण्याची सूचना देऊन टँकर पाठवावा.